परीक्षा घेणाऱ्यांची परीक्षा

मे महिना उजाडला की मध्यमवर्गीय घरांतल्या बोलण्याचा सूर बदलतो. उकाडा, पाणीकपात, आंब्याचे भाव हे नेहमीचे विषय मागे पडतात आणि 'यंदा तुमच्याकडे बारावी ना?' हा एकच प्रश्न पुढे येतो. ज्या घराला हा प्रश्न लागू असतो, त्या घरातला टीव्ही वर्षभर मुका असतो. लग्नकार्याला आई एकटीच तोंड दाखवून येते. आलागेला पाहुणाही दबल्या आवाजात बोलतो. आणि घरातले मूल डॉक्टर व्हायला निघाले असेल, तर ही सारी तपश्चर्या एका दुपारच्या तीन-सव्वातीन तासांसाठी असते.

त्या तीन तासांशीच कुणी खेळ केला, तर त्या मुलाने जायचे कुठे?

'कोर्टात', असे उत्तर आपण चटकन देऊन मोकळे होतो. पण वैद्यकीय परीक्षांचे जे खटले गेल्या चाळीस वर्षांत आपल्या न्यायालयांत चालले, ते नीट पाहिले तर हे उत्तर वाटते तितके सोपे नाही. मी काही वकील नव्हे. आयुष्यातली तीस-बत्तीस वर्षे बँकेत हिशेब तपासण्यात गेली आणि संध्याकाळी कादंबऱ्या लिहिण्यात. म्हणून या खटल्यांकडे मी कायद्याच्या पुस्तकातून पाहत नाही. दिवसाअखेर ताळा जुळला की नाही, एवढेच पाहण्याची मला सवय आहे.

प्रथम २०२४ चे उदाहरण घेऊ, कारण ते अजून सर्वांच्या स्मरणात आहे. त्या वर्षी ५ मे रोजी 'नीट'ची परीक्षा झाली. तेवीस लाखांहून अधिक मुले बसली. निकाल ४ जूनला, म्हणजे नेमका लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी लागला. देशाचे डोळे टीव्हीवरच्या आकड्यांकडे लागलेले असताना मुले आपले आकडे पाहत होती आणि त्यांना काही वेगळेच दिसले. सातशेवीसपैकी सातशेवीस गुण मिळवणारे ६७ जण होते. शिवाय कुणाला ७१८, कुणाला ७१९ गुण होते.

आता हा हिशेब साधा आहे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक वजा. सगळे बरोबर आले तर ७२०. एक प्रश्न सोडला तर ७१६. एक चुकला तर ७१५. मधले ७१८ आणि ७१९ येणार कुठून? एखाद्या खातेवहीत शिल्लक अशी दिसली असती, तर आमच्याकडचा नवा कारकूनसुद्धा दचकला असता. मुलांनी विचारल्यावर उलगडा झाला की, काही केंद्रांवर वेळ वाया गेला म्हणून १,५६३ जणांना भरपाईदाखल गुण दिले होते. हे आधी कुणाला सांगितलेले नव्हते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा १३ जूनला हे गुण मागे घेतले गेले, फेरपरीक्षेचा पर्याय दिला गेला आणि २३ जूनच्या त्या परीक्षेला ८१३ जण बसले.

दुसरे प्रकरण भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाचे. त्याची दोन उत्तरे बरोबर धरली होती, कारण जुन्या पाठ्यपुस्तकात एक होते आणि नव्यात दुसरे. न्यायालयाने दिल्लीच्या आय.आय.टी.तल्या तज्ज्ञांना विचारले. त्यांनी सांगितले, उत्तर एकच बरोबर. चार लाखांहून अधिक मुलांचे पाच-पाच गुण गेले. ६७ पहिल्यांपैकी सहा जण भरपाईच्या गुणांमुळे आलेले होते, ४४ जण या प्रश्नामुळे. सुधारित निकालात शेवटी राहिले १७. हिशेब चोख जुळला. फक्त तो जुळवायला देशाचे सर्वोच्च न्यायालय लागले.

हे वाचताना मला १९८३ सालचा एक निकाल आठवतो. उत्तर प्रदेशातल्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची जबाबदारी १९८२ मध्ये कानपूर विद्यापीठाकडे होती. काही प्रश्नांची विद्यापीठाची 'अधिकृत' उत्तरेच चुकीची निघाली. मुलांनी पाठ्यपुस्तकांत होते ते लिहिले होते आणि तेच चूक धरले गेले. खटला सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा सरन्यायाधीश होते यशवंत विष्णु चंद्रचूड, आपले पुण्याचे. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली ही, की परीक्षा घेणाऱ्याची उत्तरतालिका बरोबर आहे असे धरूनच चालावे. ती उघडउघड चुकीची आहे हे दाखवून दिले तरच न्यायालयाने हात घालावा. दुसरी ही, की ही उत्तरतालिका प्रसिद्ध झाली म्हणून चूक सापडली. ती गुप्त ठेवली असती तर कितीतरी मुलांना अन्याय मुकाट्याने सोसावा लागला असता. पाठ्यपुस्तकांप्रमाणे उत्तरे लिहिलेल्या मुलांच्या बाजूने निकाल लागला.

२०२४ च्या 'नीट'च्या खटल्यात सरन्यायाधीश होते धनंजय चंद्रचूड, त्यांचेच चिरंजीव. म्हणजे एका घरात एक पिढी उलटली आणि पाठ्यपुस्तक, उत्तरतालिका व वैद्यकीय प्रवेश यांचे तेच भांडण बापापुढून लेकापुढे आले. यात न्यायमूर्तींचा दोष काहीच नाही. दोष त्या खात्यांचा, ज्यांनी मधल्या एकेचाळीस वर्षांत या निकालातून काही शिकण्याची तसदी घेतली नाही.

महाराष्ट्राने याबाबतीत नाक वर करण्याचे कारण नाही. वैद्यकीय परीक्षेतल्या गैरप्रकारामुळे मुख्यमंत्र्याला खुर्ची सोडावी लागल्याचे उदाहरण आपल्याच राज्यात घडले. १९८५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या एम.डी.च्या परीक्षेत मुख्यमंत्र्यांच्या घरातल्या परीक्षार्थीचे गुण वाढवले गेले, असा आरोप करून त्याच परीक्षेला बसलेला एक डॉक्टर उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने कडक ताशेरे ओढले आणि मार्च १९८६ मध्ये शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना पद सोडावे लागले. पुढे खंडपीठाने असे म्हटले की, हे त्यांच्या सांगण्यावरून झाले याचा थेट पुरावा नाही. पण प्रतिकूल शेरे त्यानेही मारले आणि ते काढून टाकायला डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नकार दिला.

या प्रकरणाची चर्चा आजही राजकारणाच्या अंगाने होते. मला त्यात जास्त महत्त्वाचा वाटतो तो याचिका करणारा तरुण डॉक्टर. समोर विद्यापीठ, परीक्षक आणि सत्ता. ज्यांच्या हाताखाली पुढे काम करायचे, त्याच वैद्यकवर्तुळात वावरायचे. अशा वेळी गुणपत्रकावरची खाडाखोड दाखवा म्हणणे याला छाती लागते. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' अशी आपल्याकडे म्हण आहे. ती ज्याने केली, त्याला स्वतःच्या हिशेबात बहुधा कधी तूट आली नसावी.

अर्थात नाण्याला दुसरी बाजू आहे आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. प्रत्येक नाराज मूल न्यायालयात गेले, तर एकही निकाल कधी अंतिम होणार नाही. हा युक्तिवादही महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेला. आपल्या परीक्षा मंडळाचा पुनर्मूल्यांकन नाकारणारा नियम मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरवला होता. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला. लाखो उत्तरपत्रिका पुन्हा तपासत बसले तर परीक्षा पद्धतच कोलमडेल, अशी भूमिका होती. २०१७ च्या एका निकालात तर स्पष्टच म्हटले आहे की, उत्तराबद्दल शंका असेल तर तिचा फायदा परीक्षा घेणाऱ्या संस्थेला द्यावा, आणि सहानुभूती हा निकालाचा आधार नव्हे.

याचिका करणारी सगळीच मुले धुतल्या तांदळासारखी असतात असेही नाही. जून २०२४ मध्येच अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठापुढे एका परीक्षार्थीने तक्रार केली की, आपली उत्तरपत्रिका फाटल्याचे सांगून निकाल अडवला. संस्थेने मूळ उत्तरपत्रिका न्यायालयापुढे ठेवली. ती धड होती आणि याचिकेला जोडलेले कागद बनावट निघाले. प्रकरण काही दिवसांत संपले.

पण ते इतक्या लवकर का संपले, हे पाहा. मूळ कागद समोर आला म्हणून. खोटी तक्रारसुद्धा उघड्या कागदापुढे टिकत नाही. मग खऱ्या तक्रारीला कागद दाखवायला एवढे आढेवेढे कशासाठी? माझ्या एका सहकाऱ्याने बढतीच्या लेखी परीक्षेतले आपले गुण मागितले होते. तीन पत्रे लिहिली. काही महिन्यांनी एका ओळीचे उत्तर आले: माहिती गोपनीय आहे. तो बिचारा निवृत्त होईपर्यंत त्याच खुर्चीवर राहिला आणि आपण किती गुणांनी नापास झालो की झालोच नाही, हे त्याला कधी कळले नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहितीच्या अधिकाराखाली परीक्षार्थीला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येईल असे ठरवले, तेव्हा कित्येक कपाटांची कुलपे निघाली. त्यामुळे परीक्षा पद्धत कोलमडल्याचे काही ऐकिवात नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. परीक्षा रद्द केव्हा करायची?

२०१५ मध्ये अखिल भारतीय वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत काही जणांनी बनियनमध्ये मोबाइलचे सिमकार्ड आणि ब्लूटूथ शिवून उत्तरे मिळवली. हरयाणाच्या पोलिसांनी लाभ घेतलेले ४४ जण शोधून काढले. बसलेले होते सहा लाखांहून अधिक. न्यायालयाने १५ जूनला पूर्ण परीक्षा रद्द केली, कारण ४४ सापडले म्हणजे तेवढेच होते असे म्हणता येत नव्हते. जुलैअखेर फेरपरीक्षा झाली आणि वर्ष बुडाले नाही. २०२४ मध्ये सी.बी.आय.ने पाटणा आणि हजारीबाग येथील सुमारे १५५ लाभार्थींचा माग काढला. पण न्यायालयाने २३ जुलैला परीक्षा रद्द करायला नकार दिला. फुटलेली प्रश्नपत्रिका देशभर पसरल्याचे दिसत नाही आणि दोषी मुले वेगळी काढता येतात, हे त्याचे कारण. तेवीस लाख मुलांना पुन्हा बसवणे हा प्रामाणिक मुलांवरच अन्याय झाला असता, हा विचारही त्यात होता.

दोन्ही निकालांमागची कसोटी एकच आहे: सडलेले दाणे निवडून काढता येतात की नाही? येत असतील तर पोते फेकू नका. ही कसोटी मला मान्य आहे. पण निवडायचे सूप कुणाच्या हातात आहे? गाव, केंद्र, गुण, कॅमेऱ्यातले चित्रण, पेट्या उघडल्याच्या वेळा ही सारी माहिती परीक्षा घेणाऱ्याकडे. आणि गडबड दूरवर पसरली आहे हे सिद्ध करण्याचा भार अठरा वर्षांच्या मुलावर. केंद्रनिहाय गुण प्रसिद्ध झाले तेसुद्धा न्यायालयाने जुलैमध्ये आदेश दिल्यावर. ज्याच्या घरी चोरी झाली, त्यानेच चोराच्या पेटीची किल्ली बाहेरून शोधून आणावी, असा हा प्रकार आहे.

त्याच निकालपत्रात न्यायालयाने संस्थेच्या ढिसाळपणाची जी यादी दिली आहे, ती वाचून माझ्यातला बँकवाला हादरला. एका केंद्रावर प्रश्नपत्रिकांच्या खोलीचा मागचा दरवाजा उघडून नको त्या माणसांना आत जाऊ दिले. कुठे पेट्या ई-रिक्षातून नेल्या. काही केंद्रांवर भलताच संच वाटला गेला. बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असतात, त्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात आणि दोघे एकत्र आल्याशिवाय ती उघडत नाही. रोकड नेताना सोबत बंदूकधारी असतो. दहा रुपये कमी भरले तर रोखपाल ते खिशातून भरतो. शंकेचा फायदा त्याला कुणी देत नाही. मग ज्या कागदावर तेवीस लाख घरांचे वर्ष अवलंबून आहे, त्याची किंमत नोटांच्या पुडक्याहूनही कमी कशी?

उशिराचा प्रश्न तर आणखी बिकट. मध्य प्रदेशातल्या 'व्यापम' प्रकरणात २००८ ते २०१२ या काळातले ६३४ वैद्यकीय प्रवेश अंतिमतः रद्द ठरले, ते फेब्रुवारी २०१७ मध्ये. तोवर पहिल्या तुकड्यांचे शिक्षण उरकत आले होते. शिकून झालेच आहे तर समाजाला त्यांचा उपयोग करून घ्यावा, असाही एक विचार आधीच्या निकालात मांडला गेला होता. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो नाकारला. मला तो नकार योग्य वाटतो. मात्र त्या ६३४ जागांवर ज्यांनी बसायला हवे होते, ती मुले तोपर्यंत कुठल्या कुठे पांगलेली होती. त्यांना कुणी शोधून बोलावले नाही आणि बोलावता आलेही नसते. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, स्वतःचा दोष नसताना एम.बी.बी.एस.ची जागा नाकारली गेलेल्या आणि वेळेवर दाद मागितलेल्या गुणी विद्यार्थ्याला पुढच्या वर्षीही जागा देता येईल. केवळ नुकसानभरपाई देऊन भागणार नाही. निकाल चांगला आहे. पण 'पुढचे वर्ष' हे दोन शब्द त्या वयात किती मोठे असतात, हे आईबापांना विचारावे.

मे २०२५ मध्ये इंदूर आणि उज्जैनच्या काही केंद्रांवर परीक्षा चालू असताना वीज गेली. एकल न्यायाधीशांनी त्या मुलांची फेरपरीक्षा घ्या म्हटले, खंडपीठाने तो आदेश रद्द केला. कोण बरोबर, हा वाद घालता येईल. परंतु उन्हाळ्यात वादळ येते आणि वादळात वीज जाते, एवढी गोष्ट परीक्षेची तयारी करणाऱ्यांना आधी सुचली असती, तर दोन न्यायपीठांचा वेळ वाचला असता. त्याच महिन्यात पदव्युत्तर 'नीट' दोन सत्रांत न घेता एकाच सत्रात घ्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेच्या आधी दिला आणि परीक्षा त्याप्रमाणे ३ ऑगस्टला झाली. दोन प्रश्नपत्रिका कधीच सारख्या कठीण नसतात, हे त्यामागचे कारण कुणाही शाळामास्तराला पटेल. दाद आधी मागितली आणि आधी मिळाली, म्हणून तिचा सर्वांना उपयोग झाला.

२०२४ च्या गदारोळात सरकारने परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्धचा केंद्रीय कायदा २१ जूनपासून अमलात आणला. संघटित गुन्ह्याला दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि किमान एक कोटी रुपये दंड आहे. चोराला शिक्षा हवीच. पण चोर तुरुंगात गेल्याने चोरीस गेलेली वस्तू परत मिळतेच असे नाही. मुलाला त्याचा हक्क कुणी, किती दिवसांत मिळवून द्यायचा, हा प्रश्न वेगळा राहतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे. गुणांत कोणताही बदल करायचा, तर त्याचे कारण आणि सूत्र निकालाच्या आधी जाहीर करावे. अंधारात एकही गुण वाढू वा घटू नये. तक्रारींसाठी परीक्षा घेणाऱ्या संस्थेबाहेरचे मंडळ असावे, त्यात निवृत्त न्यायाधीश, विषयाचे प्राध्यापक आणि एक मुरलेला हिशेबतपासनीस असावा, आणि त्याने प्रवेश सुरू होण्याआधी, पंधरा दिवसांत निर्णय द्यावा. पेट्या, किल्ल्या आणि खोल्यांच्या नोंदींची तपासणी त्याच दिवशी तिऱ्हाइताकडून व्हावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, काही केंद्रांवर गडबड झाली हे एकदा प्रथमदर्शनी दिसले, की बाकी सारे स्वच्छ आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी संस्थेवर टाकावी, मुलावर नव्हे.

आपल्याकडे पाहिल्याशिवायही हा विषय संपत नाही. फुटलेली प्रश्नपत्रिका विकत घेणारे कुणी परग्रहावरचे नसतात. जून २०२४ मध्ये 'नीट'च्या संदर्भात आपल्या लातुरातही गुन्हा दाखल झाला, शिक्षकांना अटक झाली आणि तपास सी.बी.आय.कडे गेला. आरोप सिद्ध होणे न होणे ही पुढची बाब. पण ज्या गावाने अभ्यासाच्या जोरावर आपला 'पॅटर्न' नावारूपाला आणला, त्याचे नाव अशा बातमीत यावे, याचे दुःख मराठी माणसाला झाल्याशिवाय राहत नाही. पैसे मोजून मुलाला जागा मिळवून देणारा बाप दुसऱ्याच्या मुलाची जागा तर घेतोच, शिवाय उद्या आपल्याच म्हातारपणी कुणाच्या हाती नाडी द्यायची, याचीही तजवीज करून ठेवतो.

म्हणून शेजारच्या घरातली एखादी मुलगी उद्या म्हणाली की, माझे गुण जुळत नाहीत, मला उत्तरपत्रिका बघायची आहे, तर 'जाऊ दे गं, पुढच्या वर्षी बघू' असे तिला कुणी सांगू नये. तिच्याबरोबर बसून बेरीज करावी. बेरीज चुकली असेल ती तिची, तर तिला समजावून सांगावे. चुकली असेल ती त्यांची, तर तिचा अर्ज नीट अक्षरात लिहून द्यावा आणि त्याची एक प्रत, पोच घेऊन, घरी जपून ठेवावी.